तीस खुर्च्या

आज बुधवार. चर्चमध्ये सातची प्रार्थनासभा. ऑफिसातून धापा टाकत पोचले तर आत पाच माणसं. पाळकसाहेब, पाळकीणबाई, मागच्या गल्लीतल्या दोघी मावश्या आणि आमचे खुर्च्यावाले काका. काका पंचाहत्तरीचे आहेत. दर बुधवारी साडेसहाला येऊन एकटे तीस खुर्च्या मांडतात आणि सभा संपली की तीसच्या तीस पुन्हा रचून ठेवतात.

घरी येऊन फोन बघितला. मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, ग्रुपवर दुपारी एका ताईंच्या ऑपरेशनसाठी प्रार्थनेची विनंती आली होती. खाली जोडलेले हात. मोजले मी, 64. म्हणजे खरे धरले तर 128 हात. त्यातले चार जरी आले असते तरी काकांच्या खुर्च्या उचलायला झाले असते.

रागात लिहितेय. लागू दे ज्याला लागायचं त्याला.

आमच्या आईचं ऑपरेशन होतं त्याची आदली रात्र मला अजून दिसते. नगरला राहायचो. संध्याकाळी भगिनी मंडळाच्या आठ-नऊ जणी घरी आल्या. कुणी बोलावलं नव्हतं. जुनी चटई अंथरली, ती पुरेना म्हणून सतरंजी काढली. पेटी नव्हती, टाळ होते. रेव्हरंड टिळकांचं एक भजन झालं. आणि त्या बायकांत शेवटी दाराशी बसलेली कोण, तर शेजारची मावशी. नळावरच्या भांडणापासून सहा वर्षं आईशी अबोला होता तिचा!

आता म्हणाल, खोलीत दार लावून प्रार्थना करा असं प्रभू येशूनेच सांगितलंय. सांगितलंय, मान्य. पण बायबलच्या त्याच अध्यायात शिकवलेल्या प्रार्थनेत 'माझी भाकर' आहे का कुठे? 'आमची रोजची भाकर' आहे. पहिल्या ओळीपासून आमच्या, आमची, आम्हांस. एकट्याने म्हटली तरी ती प्रार्थना अनेकवचनातच म्हणावी लागते.

त्या रात्री सगळ्यांनी मिळून तीच म्हटली. 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे', म्हणजे आम्ही दुसऱ्यांना माफ केलंय, इथवर आलं आणि दाराशी बसलेला आवाज थांबला. आईचाही थांबला. बाकीच्या पुढे गेल्या, या दोघी तिथेच. मी तेव्हा बारावीत होते, मला कळलं नाही काय झालं ते. मोबाईलवर हात जोडताना असं मध्येच अडकायला होत नाही, एवढंच म्हणणं आहे माझं.

बरं, नर्सिंगच्या ड्यूट्या असतात, पिंपरीहून दोन बस बदलून यावं लागतं, मुलांच्या परीक्षा. ठीक आहे. आणि हेही खरं की आपले काही वडीलधारे एकदा उभे राहिले की पंतप्रधानांपासून इस्राएलपर्यंत सगळ्यांसाठी प्रार्थना करून वीस मिनिटांनी आमेन म्हणतात. माझेही गुडघे दुखतात. त्यांना कुणीतरी प्रेमाने सांगायला हवं. (मी नाही सांगणार.)

पण नाताळच्या जेवणाच्या कमिटीला तेवीस जण होते हो! मटण किती किलो यावर दोन तास. तेव्हा बस मिळाली सगळ्यांना.

इथून दौंडच्या गाडीने जाता येतं त्या केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये, 1905 साली 70 जणी रोज प्रार्थनेला जमायला लागल्या आणि जूनपर्यंत पाचशेच्या वर गेल्या. आपण त्याची गोष्ट संडेस्कूलच्या पोरांना सांगतो आणि बुधवारी सिरियल बघतो.

जाऊ दे. चिडून काय होणार.

आई त्या ऑपरेशनातून उठली नाही. हे सांगायलाच हवं, नाहीतर प्रार्थनेने आई बरी झाली अशी साक्ष द्यायला मी उभी राहिलेय असं वाटेल. त्यावरून देवाशी मी बरीच वर्षं भांडले. पण कबरस्तानातून परत आलो तेव्हा स्वयंपाकघरात मावशी भाकऱ्या थापत होती. पिठलं झालं होतं. आमचा डबा कुठे, तवा कुठे, तिला सगळं माहीत होतं, सहा वर्षांत काही हललं नव्हतं. मला म्हणाली, "आधी खा, मग रड." ती त्या रात्री आपल्या घरीच बसून प्रार्थना करत राहिली असती तर आमचा उंबरा ओलांडला असता का तिने? मला नाही वाटत.

प्रभूचा शिष्य पेत्र तुरुंगात होता तेव्हा मंडळी एका घरात रात्री प्रार्थना करत बसली होती. तो सुटून दाराशी आला तर सांगायला आलेल्या पोरीलाच त्यांनी वेड्यात काढलं. म्हणजे विश्वास त्यांचाही आपल्याएवढाच. पण दार वाजलं तेव्हा ती माणसं एका घरात होती.

तर पुढच्या बुधवारी सात वाजता. चहा मी आणते. साडेसहाला येऊन खुर्च्याही मीच मांडते असं काकांना सांगून आलेय. त्यांनी जरा वेळ माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "पंख्याखालच्या दोन मोडक्या आहेत, त्या मागे ठेव."