‘डोक्याला मार लागलाय, स्वप्नांचं काय विचारता?’ या तक्रारीला आमच्या क्लिनिकचं उत्तर

नमस्कार.

तुम्ही मराठीत लिहिलंत, म्हणून उत्तरही मराठीतच देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मेक्सिकन सासरे कामावर परांचीवरून पडले, डोक्याला मार लागला. ह्यूस्टनला आमच्याकडे आणलं तर आम्ही ‘वाईट स्वप्नं पडतात का’ असलं विचारत बसलो. तुमच्या पत्नीला स्पॅनिश आणि इंग्रजी दोन्ही भाषा उत्तम येत असताना तिला बाहेर बसवलं. आणि एवढं करून फॉर्मवर 40 गुण आले तरी रिपोर्टात पीटीएसडी (भयंकर प्रसंगानंतर मनाला जडणारा आघाताचा आजार) लिहिलं नाही. ‘पैसे उकळायचा धंदा’ म्हणून दोन स्टार.

कोण आमच्याकडे येऊन गेलं, कोण नाही, हेसुद्धा 1996 च्या हिपा या पेशंटची माहिती गुप्त ठेवायला लावणाऱ्या अमेरिकी कायद्यामुळे मी चारचौघांत सांगू शकत नाही. तुम्ही स्वतः लिहिलंत तरी नाही. त्यामुळे पुढे आहे ती आमची नेहमीची पद्धत, कुणा एकाची केस नव्हे.

विचारलंच का आणि लिहिलं का नाही, या दोन्ही तक्रारी तुम्ही एका दमात केल्यात. विचारतो, कारण प्रश्न खरा आहे. ट्रॅक-टीबीआय या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात (2019) मेंदूला सौम्य मार लागलेल्यांपैकी 21.2 टक्के लोकांना सहा महिन्यांनी पीटीएसडी, नैराश्य किंवा दोन्ही असल्याचं दिसलं. डोकं वाचलं पण हाड वगैरे मोडलं, अशांमध्ये हेच प्रमाण 12.1 टक्के होतं. स्कॅन नॉर्मल आला म्हणून हे सोडून द्यायचं?

आता त्या 40 गुणांबद्दल. फॉर्मचं नाव पीसीएल-5. प्रश्न 20, प्रत्येकाला 0 ते 4 गुण, एकूण 80. साधारण 31 ते 33 च्या पुढे गेलं की पीटीएसडीची शंका घ्यायची. शंका, निदान नव्हे. त्यातले सहा प्रश्न बघा: घटनेतला महत्त्वाचा भाग आठवत नाही, पूर्वीच्या गोष्टींत रस उरला नाही, माणसांपासून तुटल्यासारखं वाटतं, चिडचिड होते, लक्ष लागत नाही, झोप येत नाही. मेंदूला मार लागलेला कोणताही माणूस, भीतीचा लवलेश नसतानाही, या सगळ्यांवर 4 ला खूण करू शकतो. झाले की 24! मग उरलेल्या 14 प्रश्नांत थोडं इकडेतिकडे झालं की गाडी 31 च्या पार.

त्यातला ‘आठवत नाही’वाला प्रश्न सगळ्यात फसवा. पडताना शुद्ध हरपली असेल तर मेंदूने ती मिनिटं नोंदवलेलीच नसतात. मनाने दडपून टाकलेली आठवण वेगळी. निदानाच्या निकषांतच स्पष्ट म्हटलंय की डोक्याच्या दुखापतीमुळे आलेलं विस्मरण यात धरायचं नाही. म्हणून आम्ही खोदून विचारतो: पडण्याआधीचं शेवटचं काय आठवतं? नंतरचं पहिलं काय? मधलं काही तुटक? कुणी म्हणतं, शर्ट कात्रीने कापताना पाहिलं, पुढचं एकदम हॉस्पिटलच. कुणाला सायरन आठवतो आणि तो आजही रस्त्यावर ऐकला की घाम फुटतो. कुणी आता शिडी दिसली की रस्ता ओलांडतं. हे शेवटचे दोन मला पीटीएसडीकडे नेतात. नुसतं ‘आठवत नाही’ नेत नाही. शंका राहिली तर सीएपीएस-5 ही पीटीएसडीच्या निदानासाठीची ठरावीक मुलाखत घेतो, तिला तासभर सहज लागतो.

नुकसानभरपाईच्या दाव्यासाठी वकिलांना रिपोर्टात पीटीएसडी हवं असतं, हे मला चांगलं ठाऊक आहे. पण चुकीचं लेबल लागलं की झोपेचा आणि डोकेदुखीचा उपचार मागे पडतो आणि माणूस न आठवणारी घटना आठवायला थेरपीत जाऊन बसतो.

तुमच्या पत्नीबद्दल. घरच्या माणसाला दुभाषी म्हणून आम्ही बसवत नाही, मग त्यांची भाषा कितीही चांगली असो. अफोर्डेबल केअर अ‍ॅक्ट या अमेरिकी आरोग्य कायद्याच्या कलम 1557 खाली प्रशिक्षित दुभाषी देणं हे आमचं काम आहे, तेही विनामूल्य. पण कायदा बाजूला ठेवू. या शहरात आमच्याकडे येणारे बरेच जण एल साल्वादोर, ग्वाटेमाला, होंडुरासमधून मेक्सिको पार करून आलेले असतात. एल साल्वादोरचं यादवी युद्ध 1992 पर्यंत चाललं, ग्वाटेमालाचं 1996 पर्यंत. मेक्सिकोतून आलेल्यांचा प्रवासही काही सुखाचा असतो असं नाही. स्वप्नं परांचीची पडतात की वाटेत घडलेल्या कशाची, हे विचारावंच लागतं. बाप ते लेकीच्या तोंडून सांगेल असं तुम्हाला खरंच वाटतं? कागदपत्रांबद्दल आम्ही चकार शब्द काढत नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. पुष्कळांचे खांदे तिथे सैल होतात.

फॉर्म आम्ही स्पॅनिशमध्ये मोठ्याने वाचून दाखवतो, उत्तरांचं कार्ड समोर धरतो. शाळा फारशी न झालेल्या किंवा वाचताना डोकं दुखणाऱ्या माणसाच्या हातात कागद देऊन निघून जाण्यात अर्थ नाही. वेळ जातो तो इथे. पेशंटच्या मुलीशी आम्ही स्वतंत्रपणे बोलतो, आणि बोलतोच: घोरणं, घरातला संताप, दोनदा दिलेली तीच गोळी, हे पेशंट स्वतः क्वचित सांगतो.

पैशांचं म्हणाल तर पीसीएल-5 अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याचा आहे, कुणालाही फुकट मिळतो. त्याचे आम्ही वेगळे घेत नाही. मुलाखतीचे घेतो आणि घेत राहणार, कारण निदान तिथे ठरतं.

रिपोर्टातली एखादी ओळ खटकत असेल तर पेशंटने लेखी परवानगी द्यावी. मग तो आणि तुमची पत्नी दोघांना समोर बसवून, आमच्या स्पॅनिश बोलणाऱ्या सहकाऱ्याबरोबर, सगळा रिपोर्ट समजावून सांगू. त्याचं शुल्क नाही. आणि भीतीची, टाळाटाळीची लक्षणं नंतर दिसू लागली तर तेव्हाही घेऊन या. पहिल्या खेपेला काही सापडलं नाही म्हणून पुन्हा तपासायचं नाही, असं आमच्याकडे नसतं.