‘स्टील म्हणजे स्टील, त्यात जगाला काय विचारायचं?’ या मेसेजला उत्तर

गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय. थोडक्यात सांगायचं तर त्याचं म्हणणं असं: अणुभट्टीत खरी गोम इंधनाची असते, बाकी सगळं स्टील आणि स्टील माणसाला शंभर वर्षांपासून पाठ आहे, त्यावर दहा देशांनी मिळून संशोधन करायचं म्हणजे नुसत्या मीटिंगा, प्रत्येक देशाने आपलं आपण बघावं, नाहीतर गुपितं फुटतात, आणि आता तर काय, कॉम्प्युटरवर सगळं कळतंच. मी मेटलर्जी शिकलेला माणूस आहे, मला हे वाचून राहवलं नाही म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला मुद्दा, ‘स्टील पाठ आहे’. भट्टीबाहेरचं पाठ आहे हो, आतलं नाही. आत न्यूट्रॉन येऊन अणूवर आदळतो, तो अणू जागेवरून उडतो, पुढच्यांना ढकलतो, आणि हे वर्षानुवर्षं चालतं. प्रत्येक अणू सरासरी किती वेळा जागचा हलला हे मोजायचं एकक म्हणजे डीपीए. साध्या पाण्यावरच्या भट्टीचं जे बाहेरचं जाड प्रेशर व्हेसल असतं त्याला अख्ख्या आयुष्यात ०.१ डीपीएच्या आसपास मार बसतो, पण वेगवान न्यूट्रॉनवर चालणाऱ्या फास्ट रिअ‍ॅक्टरमध्ये इंधनाभोवतीची जी नळी असते तिला १०० च्या वर जाऊ शकतो, म्हणजे त्या नळीतला प्रत्येक अणू शंभरेक वेळा घर बदलून आलेला असतो आणि तरी ती नळी नळीच राहिली पाहिजे, फुगायला नको, फुटायला नको. आता हे शंभर वर्षांपासून कुणाला पाठ होतं? १९६७ साली कॉथोर्न आणि फुल्टन या दोघांनी ब्रिटनच्या डाउनरे भट्टीतल्या स्टेनलेस स्टीलच्या नळ्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघितल्या तेव्हा धातूच्या आत बारीक बारीक पोकळ्या दिसल्या, स्टील आतून फुगत होतं, आणि भट्टीचं डिझाइन करणाऱ्यांनी हे गृहीतच धरलेलं नव्हतं! पुढे बाकीच्या देशांतल्या फास्ट भट्ट्यांच्या स्टीलमध्येही तेच सापडलं आणि नळ्यांसाठी नवीन स्टील शोधायला सगळ्यांचीच धावपळ सुरू झाली.

ठिसूळपणाचंही असंच. चार्पी टेस्ट ज्याने केलीय त्याला कळेल. १० बाय १० मिलिमीटर, ५५ मिलिमीटर लांब एवढासा तुकडा, मधोमध २ मिलिमीटरची खाच, वरून लोलक सोडायचा. नवं स्टील वाकतं, फाटतं, तुटलेलं तोंड राखाडी आणि तंतुमय दिसतं. तेच स्टील न्यूट्रॉन खाऊन आलेलं असेल तर त्याच तापमानाला खाडकन दोन तुकडे होतात आणि तोंड दाणेदार चमकतं. ते चमकणारं तोंड एकदा बघितलं की ‘स्टील म्हणजे स्टील’ हे वाक्य परत तोंडातून निघत नाही, माझं तरी नाही निघत.

दुसरा मुद्दा, ‘प्रत्येकाने आपलं आपण करावं’. हा मला सगळ्यात चुकीचा वाटतो. कशावर करणार? तुकड्यांना न्यूट्रॉनचा मार द्यायला टेस्ट रिअ‍ॅक्टर लागतो आणि ते एकेक करून बंद होत चाललेत. फ्रान्सचा फेनिक्स २००९ ला गेला, ओसिरिस २०१५ ला, कॅनडाचा एनआरयू २०१८ ला, आणि त्याच वर्षी नॉर्वेचा हाल्डेन. हाल्डेनचा प्रकल्प तर १९५८ पासून बऱ्याच देशांनी वर्गणी काढल्यासारखा मिळून चालवलेला होता, साठ वर्षं! त्याच्यानंतर पोकळी राहिली म्हणून २०२१ मध्ये एनईएने, म्हणजे ओईसीडी देशांच्या अणुऊर्जा संस्थेने, फिडेस नावाची चौकट उभी केली, की जगात जे काही टेस्ट रिअ‍ॅक्टर उरलेत त्यांच्यात प्रयोग वाटून घ्यायचे. फ्रान्समध्ये ज्यूल्स हॉरोविट्झ रिअ‍ॅक्टरचं बांधकाम २००७ पासून चालू आहे, तोही अनेक देशांच्या भागीदारीतून. नुसत्या मीटिंगा आहेत असं ज्याला वाटतं त्याने एक टेस्ट रिअ‍ॅक्टर एकट्याने उभा करायला किती वर्षं लागतात ते बघावं. आणि भट्टी मिळाली तरी पुढे हॉट सेल लागतो, कारण तुकडा आता किरणोत्सारी झालेला असतो, म्हणजे जाड भिंती, शिशाची काच, आणि काचेच्या अलीकडे उभं राहून यांत्रिक हातांनी तो एवढासा तुकडा उचलून मशीनमध्ये नीट बसवायचा. अशा जागा आणि असे हात तयार असलेली माणसं जगात मोजकीच आहेत.

याहून मोलाचं म्हणजे जुनं स्टील. स्पेनची झोरिता भट्टी १९६८ ते २००६ चालली, आणि बंद झाल्यावर तिच्या आतल्या प्लेटा कापून काढून अनेक देशांच्या मदतीने त्यांची तपासणी झाली. स्वीडनमध्ये बंद झालेल्या भट्ट्यांचं मटेरियल घेऊन स्टुड्सविक या कंपनीने स्माइल नावाचा असाच प्रकल्प चालवलाय. खऱ्या भट्टीत एवढी वर्षं काढलेली प्लेट कुठल्याही लॅबला नव्याने बनवता येत नाही, ती एकाकडे असते आणि गरज सगळ्यांना असते.

तिसरा मुद्दा, गुपितं. कंपनीची स्टील ओतायची, ठोकायची, वेल्डिंगची रीत कंपनीकडेच राहते, ती कोण मागतंय? वाटून घेतात तो आकडा, की अमुक स्टील अमुक तापमानाला इतक्या डीपीएनंतर कसं वागलं. आणि आकडा न पोहोचण्यापेक्षा, पोहोचून त्यावर विश्वास न बसण्याची किंमत मोठी आहे. फ्रान्सच्या कोरिऊ यांनी १९५९ मध्ये दाखवलं होतं की अलॉय ६०० हा निकेलचा मिश्रधातू शुद्ध गरम पाण्यातही तडकतो. बाहेर बऱ्याच जणांनी ते मानलं नाही. पुढे स्टीम जनरेटरच्या याच मिश्रधातूच्या नळ्या तडकायला लागल्या, १९९१ मध्ये फ्रान्सच्याच बुजे भट्टीच्या झाकणातल्या नळीतून गळती निघाली, आणि २००२ मध्ये अमेरिकेत डेव्हिस-बेसी भट्टीच्या झाकणात असं भगदाड सापडलं की १५ सेंटिमीटरहून जाड स्टील तडकलेल्या नळीतून गळणाऱ्या पाण्यातल्या बोरिक अ‍ॅसिडने खाऊन टाकलेलं आणि आतल्या दाबाला थोपवून धरत होतं ते फक्त सेंटिमीटरभर स्टेनलेसचं अस्तर. बुजेची बातमी तिथे अकरा वर्षं आधी पोहोचलेली होती, कमी पडलं ते वेळेवर झाकण साफ करून बघणं, त्यामुळे सहकार्य केलं की सगळं आपोआप होतं असं मी म्हणणार नाही. पण त्यावरून ‘आकडे वाटू नका’ असा निष्कर्ष कसा काय निघतो?

चौथा मुद्दा कॉम्प्युटरचा. सिम्युलेशन हवंच, पण ते पडताळायला खरा आकडा लागतो की नाही? आयन बीमने, म्हणजे विद्युतभारित अणूंच्या झोताने, काही तासांत, दिवसांत शंभर डीपीए देता येतात हे खरं, पण ते पृष्ठभागाखाली जेमतेम काही मायक्रॉन, आणि इतक्या घाईत दिलेला मार वर्षानुवर्षं सावकाश बसलेल्या मारासारखाच असेल असं नाही. क्रीपमध्ये, म्हणजे गरम स्टील ताणाखाली हळूहळू लांबतं त्यात, तर घाई चालतच नाही. जपानमध्ये १९६९ मध्ये लावलेला एक तुकडा २०११ पर्यंत ताणाखाली टांगलेला होता, चाळीस वर्षांहून जास्त, आणि त्या मालिकेचे आकडे जपानने छापून जगाला दिले. त्यातला एकही तास कुठल्या कॉम्प्युटरने वाचवलेला नाही.

‘नुसत्या मीटिंगा’ म्हणणाऱ्यांसाठी अजून एकच गोष्ट. वर जे डीपीए वापरलं ना, ते मोजायची जी रीत जगभर रूढ झाली ती १९७५ मध्ये तिघांनी मिळून मांडली: नॉर्गेट ब्रिटनच्या हारवेलचे, रॉबिन्सन अमेरिकेच्या ओक रिजचे आणि टॉरेन्स फ्रान्सच्या साक्लेचे. तसंच जेआरक्यू नावाचं स्टील, जपानमध्ये बनवलं, आयएईएच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या, कार्यक्रमातून ते वेगवेगळ्या देशांच्या लॅबना दिलं, की सगळ्यांनी एकाच स्टीलवर टेस्ट करा म्हणजे कुणाचं मोजमाप कुठे हुकतंय ते कळेल. आपल्या व्हेसलचं स्टील आपल्याच लॅबमध्ये तपासणाऱ्यालाही आपला आकडा बरोबर आहे का हे बघायला शेवटी असाच एखादा तुकडा शेजारी ठेवावा लागतो.