शिंगवाला काळा भुंगा हुमणीचा नर नव्हे

पहिला पाऊस पडला की नागपूरकडच्या संत्रा बागायतदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक फोटो फिरायला लागतो. तळहातावर जाडजूड काळा भुंगा, डोक्यावर शिंग. खाली मजकूर: हा हुमणीचा, म्हणजे पिकाची मुळं खाणाऱ्या किडीचा नर, पोटाला अंडी चिकटलेली, चावला तर विषारी, शेणखतात दिसताच क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक मारा. काटोलपासून उमरेडपर्यंत जो तो पुढे ढकलतोय.

फोटोतला भुंगा शेणकिडा आहे, शास्त्रीय नाव कॅथार्सिअस मोलोसस. लांबी साधारण 3 सेंटीमीटर, अंग रुंद आणि काळंभोर, डोकं पुढून फावड्यासारखं चपटं. शिंग मोठं असतं ते नराला. हुमणीचा भुंगेरा तपकिरी, त्याला शिंग नसतंच. तो कडुनिंब-बाभळीचा पाला खातो आणि त्याची अळी पिकाची मुळं कुरतडते. शेणकिडा शेणाखालीच बीळ पाडतो, शेण आत ओढून गोळे बांधतो आणि एका गोळ्यात एक अंडं घालतो. अळी त्या गोळ्यातच खाते, तिथेच कोषात जाते. संत्र्याच्या मुळाशी तिचं काय काम? घोटाळा बहुधा प्रकाश सापळ्यामुळे होतो, कारण दिव्याखालच्या घमेल्यात रात्री दोघंही पडतात.

आता ती ‘अंडी’. भुंगा उलटा करून नीट बघा. पायांच्या खोबणीत तांबूस ठिपके दिसतील आणि ते चालतात! ते बारीक कोळी (माइट) आहेत. भुंग्यावर बसून एका शेणावरून दुसऱ्या शेणावर जातात, उतरले की माशांची अंडी आणि कोवळ्या अळ्या खातात. म्हणजे गोठ्यातल्या माशा कमी करणारी फौजच आपण औषध मारून संपवायची.

विषाचं तर सोडाच. प्रौढ शेणकिड्याचे जबडे मऊ असतात, तो शेणातला रस गाळून पितो. मुठीत धरला तर टोचतात ते पुढच्या पायांचे दाते.

ऑस्ट्रेलियाने 1968 पासून परदेशातले शेणकिडे मुद्दाम आणून सोडले, कारण तिथल्या किड्यांना गाईचं शेण उरकत नव्हतं आणि माशा माजल्या होत्या. आपल्याकडे ते फुकट आहेत. तसंही गुरांना आयव्हरमेक्टिन हे जंतांचं औषध टोचलं की ते शेणात उतरतं आणि शेणकिड्याच्या अळ्या मरतात. वर फवारणी कशाला?

हुमणी धरायचीच असेल तर पहिल्या पावसानंतर अंधार पडताच बांधावरच्या कडुनिंबाच्या फांद्या हलवा, पडलेले तपकिरी भुंगेरे रॉकेलच्या पाण्यात टाका. सापळ्यात काळा शिंगवाला सापडला, तर त्याला उकिरड्यावर नेऊन सोडा.