एक दिवसाचं जेवण नको, किराण्याची उधारी फेडा

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज आला आणि तेव्हापासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. पितृपक्ष सुरू आहे ना. तर मेसेज असा, की जवळपासचा एखादा अनाथाश्रम सुचवा, आजोबांच्या तिथीला जेवण द्यायचंय, मुलं जरा शिस्तीची असावीत, त्यांच्यासोबत थोडा वेळ घालवता आला आणि फोटो काढता आले तर बरं. मुलं शिस्तीची असावीत! आणि खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग.

याच ग्रुपवर मी काही दिवसांपूर्वी विचारलं होतं, की आमच्या गावाकडच्या बालगृहाला महिन्याला पाचशे रुपये कोणकोण देईल, फक्त दर महिन्याला द्यायचे, बाकी काही नको. कुणी काही बोललं नाही. एकानं तेवढं विचारलं, की भिंतीवर नाव लावतात का.

हे बालगृह बीड जिल्ह्यात आहे. नाव लिहीत नाही, का ते पुढं सांगते. आमच्याकडं दसरा-दिवाळी झाली की टोळ्या ऊसतोडीला निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेले असतात, ते फिटेस्तोवर नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, दोघांनी जोडीनं तोडायचं, म्हणजे पोरं एकतर फडात जाणार नाहीतर म्हाताऱ्या आजीजवळ राहणार. आणि आजीच नसली तर? बाप कर्जापायी गेलेला आणि आई तोडीला, अशी पोरं आहेत तिथं. कोरोनात दोघंही गेलेली आहेत. म्हणजे सगळी काही 'अनाथ' नाहीत, पण रात्री झोपताना जवळ कुणी नाही, हे सगळ्यांचं सारखंच.

आणि चालवतं कोण, तर गाव चालवतं. सुगीत लोक ज्वारी आणून टाकतात, ज्याची जेवढी ऐपत. गिरणीवाला दळणाचे पैसे घेत नाही. सोमवारी दुकान बंद असतं म्हणून न्हावी येतो आणि ओट्यावर बसवून एकेकाचे केस कापतो. रिटायर झालेले एक गुरुजी हिशोबाची वही सांभाळतात, काडेपेटीसुद्धा लिहितात त्यात. माझा जीव त्या वहीवर आहे. त्या वहीत 'किराणा बाकी' असं लाल पेनानं लिहिलेलं असतं आणि तो आकडा पानापानाला पुढं सरकत जातो.

मी गेल्या खेपेला वह्या-पेनं घेऊन गेले होते. अंगणात एक सात-आठ वर्षांचा पोरगा टायर पळवत होता. गाडी दिसल्याबरोबर त्यानं टायर टाकला, आत पळाला आणि दोन मिनिटात पांढरा शर्ट घालून, केसांना पाणी लावून बाहेर. मला म्हणाला, "ताई, फुटूला कुठं उभं ऱ्हायचं?" मी म्हटलं, अरे फोटो नाही काढायचा. तर तो माझ्याकडं बघतच राहिला आणि म्हणाला, "मंग कामून आले तुमी?"

मंग कामून आले तुमी. काय उत्तर देणार मी त्याला?

कुणी शिकवलं त्याला हे? आपणच ना. केक घेऊन गेलो, त्याला टाळ्या वाजवायला लावल्या, आपल्या पोराच्या वाढदिवसाचं गाणं म्हणायला लावलं, ज्याला स्वतःचा वाढदिवस माहीत नाही त्याला! मग रील, मग 'ब्लेस्ड'. आणि हे नुसतं वाईट दिसतं म्हणून नाही सांगत, कायद्यानं बंदी आहे याला. बाल न्याय कायदा २०१५, कलम ७४, अशा मुलांची ओळख पटेल असं नाव, पत्ता, फोटो काहीही प्रसिद्ध करायचं नाही, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणून मी बालगृहाचं नावही लिहीत नाहीये, त्या पोराचं तर नाहीच.

आणि ते जेवण. पंधरा ऑगस्टला, सव्वीस जानेवारीला, पितृपक्षात एका दिवशी तीन-तीन पार्ट्या येतात. सकाळी जिलेबी, दुपारी पुरी-श्रीखंड, संध्याकाळी पावभाजी. नको कुणाला म्हणायचं? दुखावला तर परत येणार नाही. मग रात्री पोरांची पोटं दुखतात आणि स्वयंपाकाच्या मावशी ओवा देत बसतात. आणि जूनमध्ये शाळा उघडताना दप्तरं लागतात, बूट लागतात, मोठ्या मुलींना दर महिन्याला पॅड लागतात, तेव्हा कुणाचीच तिथी नसते.

बरं, मान्य, जेवण देणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. तिथं पोरं आवडीनं खातात, तेही खरं.

आता कमेंटमध्ये कुणीतरी येणारच की संस्थांमध्ये किती घोटाळे असतात. असतात. पोरांचे हाल झालेल्या जागाही आहेत, मी नाकारत नाही. म्हणून तर नोंदणी बघा, बालकल्याण समितीच्या, म्हणजे अशा मुलांना कुठं ठेवायचं ते ठरवणाऱ्या जिल्ह्याच्या समितीच्या, आदेशानं मुलं दाखल होतात का ते विचारा, हिशोब मागा, आमचे गुरुजी वही समोर ठेवतील. आणि मूल घरीच वाढलेलं सगळ्यात चांगलं हेही कायदाच म्हणतो. बालसंगोपन योजनेत सरकार एका मुलामागं महिन्याला २२५० रुपये देतं, आई, आजी, मामा कुणी सांभाळत असेल तर. तुमच्या घरी काम करणाऱ्या ताईंना ही योजना माहीत आहे का, विचारलंय कधी? पण ज्याचं कुणीच नाही त्याला कुठं ठेवायचं?

सिंधुताई सपकाळ ४ जानेवारी २०२२ ला गेल्या तेव्हा प्रत्येकाच्या स्टेटसला माई होत्या. त्याच माई गावोगाव भाषणं करत, लोकांपुढं पदर पसरत फिरल्या, लेकरांना जगवायला. एवढी मोठी बाई, पद्मश्री, आणि महिन्याच्या धान्यासाठी फिरावं लागलं. अशी मुलं सांभाळणारं आमच्या बीड जिल्ह्यातलं आर्वीचं शांतिवन, गेवराईचं सहारा, एचआयव्हीग्रस्त मुलांसाठी पंढरपूरची पालवी, कुणाकडंही जाऊन विचारा, दर महिन्याचा खर्च कसा निघतो म्हणून.

आणि अठरा पूर्ण झाली की बाहेर! आपली पोरं अठराव्या वर्षी साधं बँकेत एकटी जात नाहीत. कायद्यात एकवीसपर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे बाहेर पडल्यावरच्या आधाराची, सोय आहे, राज्यात २०१८ पासून अनाथांना एक टक्का आरक्षण आहे, चांगलंच झालं, पण प्रमाणपत्रासाठी कुणीतरी सोबत खेटे घालावे लागतात, भाड्याच्या खोलीला कुणीतरी जामीन राहावं लागतं. तो पांढऱ्या शर्टातला पोरगा दहा वर्षांनी पुण्यात येईल, तेव्हा त्याला आपल्या सोसायटीत खोली मिळेल का? मला तर वाटत नाही, कारण सगळ्यात आधी आपण विचारणार, आई-वडील काय करतात.

सकाळी लिहायला बसले तेव्हा फार राग होता, आता जरा उतरलाय. ज्यानं मेसेज टाकला तो वाईट माणूस नाही, मी ओळखते त्याला. आजोबांनीच वाढवलंय त्याला. दुपारी फोन केला मी, म्हटलं साठ ताटांना जेवढे लागतील ते बारा महिन्यांत वाटून दे, आजोबांच्या नावानं, पावतीवर त्यांचंच नाव घालतील. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, बघतो, आईला विचारतो. तेवढंही मला बरं वाटलं.

तर तुमच्यापैकी कुणाला महिन्याला दोनशे, पाचशे, जमेल तेवढे द्यायचे असतील त्यांनी मला मेसेज करा, इथं कमेंटमध्ये नको. आमच्याकडचंच पाहिजे असं नाही, तुमच्या तालुक्यातलं असेल तर तिथं द्या. प्राप्तिकरात सवलतीची पावती, जिला ८०जीची म्हणतात, ती मिळते का ते आधी विचारून घ्या. पैसे जमत नसतील तर दहावीच्या मुलांना रविवारी फोनवर गणित शिकवणारं कुणीतरी पाहिजे, दोन मुली आहेत, भूमितीत अडतात. ऑटोपे कसं लावायचं माहीत नसेल तर तेही सांगते, पाच मिनिटांचं काम आहे. दर महिन्याच्या पाच तारखेला लावा, किराणेवाला दहाला येतो.