झाड म्हातारं व्हायला हवं असेल तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. अमेरिकेच्या १९७३च्या संकटग्रस्त प्रजाती कायद्यात जमीनमालकाचाही विचार व्हावा, असं मी लिहिलं. त्यावर तुम्ही म्हणता, ही बिल्डरांची भाषा झाली. कायदा जरा सैल केला की पक्षी संपलेच. तुमची ही भीती मलाही वाटते. पण कायदा सैल करा असं मी म्हटलेलं नाही.

या कायद्याचं संरक्षण असलेला, तिथल्या आग्नेय भागातला रेड-कॉकेडेड सुतारपक्षी घ्या. तो जिवंत पाइनमध्ये ढोली कोरतो, तीही जुन्या झाडात, कारण बुरशीमुळे अशा झाडाचा गाभा मऊ झालेला असतो. एकेका ढोलीला कधी कधी काही वर्षं लागतात. ढोलीभोवतीची साल तो टोचत राहतो. राळ खोडावरून ओघळते आणि त्या चिकट थरामुळे सापाला वर चढणं अवघड होतं. म्हणजे या पक्ष्याला म्हातारं झाड लागतं, आणि खासगी रानात ते राखायचं की नाही हे मालकाच्या हातात असतं.

आता शेजारच्या रानात हा पक्षी आला, तर मालक काय करेल? उद्या तो आपल्याकडे आला की तोड बंद, भरपाईची खात्री नाही. मग झाडं म्हातारी होण्याआधीच तोडलेली बरी! नॉर्थ कॅरोलायनात तसंच झालं. पक्ष्यांच्या वस्त्यांजवळची झाडं लवकर तोडली गेली, हे ल्यूक आणि मायकेल या अभ्यासकांनी २००३मध्ये दाखवून दिलं. कायदा कुणीही मोडला नाही, तरी पक्ष्याची जागा गेली.

त्याच राज्यात १९९५मध्ये सरकार आणि जमीनमालक यांच्यातले 'सेफ हार्बर' करार सुरू झाले. आज रानात जेवढे पक्षी आहेत तेवढ्यांची जागा राखायची. झाडं जपल्यामुळे आणखी आले तर त्यांच्यापायी नवं बंधन नाही. मला हवी असलेली सुधारणा ती हीच. २०२४मध्ये हा पक्षी एक पायरी कमी धोक्याच्या वर्गात आला. याचं सगळं श्रेय मी करारांना देणार नाही. सरकारी जंगलांतलं काम आणि माणसांनी बसवलेल्या कृत्रिम ढोल्या यांचा वाटा मोठा आहे.

तुमचा एक मुद्दा मात्र मला पूर्ण मान्य आहे. अधिवास उद्ध्वस्त करून प्राणी मारणं हीसुद्धा या कायद्याने मनाई केलेली इजाच, ही व्याख्या अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९९५मध्ये उचलून धरली होती. ती व्याख्याच काढून टाकायचा सरकारी प्रस्ताव २०२५मध्ये आला. त्याला माझा ठाम विरोध आहे. बंधनाचा धाक असतो म्हणून तर मालक कराराला तयार होतो. मूळ लेखात हे यायला हवं होतं. आजच भर घालतो.