‘ड्रॅग आवळा आणि हँडल फिरवत राहा’: हलक्या दोऱ्याच्या रीलविषयी फिरणाऱ्या संदेशाचा प्रतिवाद

‘गळाने मासे धरणाऱ्यांनी हे सात नियम पाळाच’ अशा मथळ्याचा एक संदेश सध्या मराठवाड्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून फिरतो आहे. माजलगाव धरणावर चिलापी धरायला जाणाऱ्या माझ्या भाच्याने तो प्रमाण मानला, ६ पौंडी तंगुसासाठी (६ पौंडांच्या ओढीपर्यंत टिकणाऱ्या नायलॉनच्या दोऱ्यासाठी) ६००० आकाराची रील (आकडा मोठा तेवढी रील मोठी) विकत आणली आणि संदेशात सांगितले तशीच ती भरली. म्हणून हे लिहिणे भाग पडले. संदेशाचे म्हणणे असे: दोरा हलका असला तरी रील मोठी घ्यावी, बेअरिंग जास्त तेवढी रील चांगली, स्पूल (रीलमधली दोरा गुंडाळायची फिरकी) काठोकाठ भरावा, भरताना दोऱ्याची चकती बादलीभर पाण्यात सोडावी, म्हणजे पाणी पीळ काढून टाकते, ब्रेडेड (विणलेला) दोरा थेट स्पूलला बांधावा, ड्रॅग (माशाने जोराने ओढले की दोरा सुटू देणारा रीलचा ब्रेक) पूर्ण आवळावा आणि तरीही रील करकरू लागली, म्हणजे ड्रॅग सरकून दोरा सुटू लागला, तर थांबू नये, हँडल फिरवत राहावे, आणि गुंता झालेला दोरा काठावरच टाकावा, तो उन्हाने विरघळतो.

यांतला सर्वांत घातक सल्ला ड्रॅगचा आहे, म्हणून आधी तोच घेतो. ६ पौंड म्हणजे सुमारे २.७ किलो. मोठ्या रीलचा ड्रॅग पूर्ण आवळला तर तो १० किलोच्या ओढीलाही सुटत नाही, आणि संदेश लिहिणाऱ्याला यातच रीलची ताकद दिसते. परंतु रीलमध्ये कितीही जोर असला तरी तुटायचा तो दोरा २.७ किलोलाच तुटणार, किंबहुना त्याच्याही आधी, कारण प्रत्येक गाठ दोऱ्याला थोडे कमकुवत करते आणि नायलॉन पाण्यात भिजले की त्याची ताकद आणखी घटते. हे माझे खासगी मत नव्हे. १९३९ साली स्थापन झालेली इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशन ही जगभरातील गळाच्या मासेमारीचे विक्रम नोंदवते, आणि विक्रमासाठी पाठवलेला दोरा ती भिजवूनच तपासते. विक्रमाची शहानिशा करणारी संस्था कोरड्या दोऱ्याच्या ताकदीवर विसंबत नसेल, तर धरणाच्या काठावर उभे राहून आपण चकतीवरच्या आकड्याच्या शेवटच्या ग्रॅमपर्यंत भरवसा का ठेवावा? म्हणूनच ड्रॅग दोऱ्याच्या ताकदीच्या पाव ते एकतृतीयांश इतक्या ओढीला सुटेल असा ठेवावा, ही सर्वत्र मान्य असलेली रीत आहे. ६ पौंडी दोऱ्याला ती ओढ सुमारे ७०० ते ९०० ग्रॅम येते. ती जुळवायला वजनकाट्याचीही गरज नाही. लिटरच्या बाटलीत ७०० मिलिलिटर पाणी भरावे, दोरा काठीच्या कड्यांतून ओवून बाटलीला बांधावा आणि काठीने ती उचलावी. बाटली जमिनीवरून सुटताना दोरा सरकू लागला की ड्रॅग बरोबर आहे. मासा लांब पळाला की हा ड्रॅग आणखी घट्ट करण्याचा मोह होतो, पण तेव्हा तो उलट थोडा सैल करणे योग्य असते, कारण स्पूलवरचा दोरा कमी होऊन त्याचा घेर लहान झाला की त्याच ड्रॅगची ओढ आपोआप वाढते.

याच सल्ल्याचा उत्तरार्ध, म्हणजे ‘करकरली तरी फिरवत राहा’, हा तर निव्वळ अज्ञानातून आलेला आहे. स्पिनिंग रीलचा स्पूल चाकासारखा फिरून दोरा ओढून घेत नाही. त्याच्याभोवती फिरणारा रोटर दोरा गुंडाळतो. ड्रॅग सरकत असताना हँडल फिरवले तर दोरा एक वीतही आत येत नाही, मात्र रोटरच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर त्यात एक पीळ पडतो. ५.२:१ गुणोत्तराच्या रीलमध्ये हँडलचा एक फेरा म्हणजे रोटरचे पाचांहून अधिक फेरे; हँडल २० वेळा फिरवले की दोऱ्यात १०० हून अधिक पीळ भरले. मासा हाती आला तरी पुढच्या फेकीला तो दोरा स्वतःभोवतीच वेटोळतो, आणि माणूस दोष देतो तो तंगुसाच्या कंपनीला. करकर ऐकू आली की हँडल थांबवावे आणि माशाला पळू द्यावे. तो थांबला की काठी वर उचलावी आणि ती खाली नेताना मोकळा झालेला दोरा गुंडाळावा. कटल्यासारखा जड मासा हलक्या दोऱ्यावर काठाला येतो तो याच रीतीने; ओढून आणायला जाल तर तो गळासह हातभर तंगूस तोंडात घेऊन जातो.

बादलीच्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे, हे मान्य करावे लागेल. नायलॉन पाणी शोषते आणि मऊ पडते, त्यामुळे चकतीवर बसलेली वळणे भिजवल्याने काहीशी सैल होतात. पण पीळ हा दिशेचा प्रश्न आहे, ओलाव्याचा नव्हे. चकती जमिनीवर आडवी ठेवावी, दोरा ओल्या फडक्यातून ताण देत वीस-पंचवीस फेरे गुंडाळावा आणि मग सैल सोडून पाहावा. तो स्वतःभोवती वळू लागला तर चकती उलटी करून पुढचे भरावे. बादलीत गटांगळ्या खाणारी चकती कधी या अंगाने फिरते तर कधी त्या, आणि मग पीळ कोठून आला हेच कळेनासे होते. आधीच पिळलेला दोरा सुधारायचा असेल तर धरणाचे पाणी ओसरल्यावर मोकळी पडलेली गाळपेराची सपाट जमीन उत्तम. गळ आणि शिसे काढून दोरा लांबवर पसरावा आणि चिमटीतून हळूहळू परत गुंडाळावा. मोकळे टोक फिरत येते आणि पीळ निघून जातो.

काठोकाठ भरण्याविषयी थोडक्यात: स्पूल फार रिकामा असेल तर दोरा कडेला घासतो आणि फेक तोकडी पडते, एवढे खरे. पण कडेपासून दोन-तीन मिलिमीटर जागा सोडलीच पाहिजे, नाहीतर हलक्या तंगुसाची वेटोळी झुबक्याने एकदम सुटतात आणि पहिल्याच कड्यात अडकतात. भाच्याचा निम्मा दोरा असाच कापावा लागला.

मोठ्या स्पूलवरून दोरा मोठ्या वेटोळ्यांनी सुटतो, हेही खरे. म्हणून हलक्या तंगुसासाठी मी १००० पेक्षा २००० किंवा २५०० चा उथळ स्पूल सुचवतो. त्यावरून ६००० पर्यंत उडी मारण्याला मात्र काहीच आधार नाही. त्या आकाराचा स्पूल १५-२० पौंडी दोऱ्यासाठी घडवलेला असतो, त्याचा ड्रॅग हलक्या ओढीला धक्के देत सुटतो, आणि जिथे अडीचशे ग्रॅमच्या आसपासची रील पुरते तिथे चारशेच्या पुढचे वजन दिवसभर मनगटावर राहते. स्पूलवर ६/२०० असे छापलेले असेल तर ६ पौंडी दोरा २०० यार्ड, म्हणजे सुमारे १८० मीटर मावतो. रील घेताना आधी हा आकडा वाचावा. बेअरिंगची संख्या त्यानंतर. निकृष्ट दहांपेक्षा चांगली चार बरी, आणि दोरा ज्यावरून वळतो ती बेलची (रोटरवरच्या तारेच्या कमानीची) चकरी सहज फिरते की नाही हे आधी पाहावे. ब्रेडेड दोरा गुळगुळीत स्पूलवर सबंध घसरतो, म्हणून त्याखाली तंगुसाचे काही थर द्यावेत.

राहिला काठावर दोरा टाकण्याचा सल्ला, आणि तो वाचून मला खरोखर संताप आला. तंगूस उन्हाने विरघळत नाही. तो ठिसूळ होऊन तुटतो, पण तुकडे वर्षानुवर्षे तसेच राहतात. धरणाच्या काठावर गुरे पाण्याला येतात, शेळ्या चरतात, भोई आपली जाळी पसरतात, आणि पैठणचा नाथसागर तर पक्षी अभयारण्य आहे. बगळ्याच्या पायाला अडकलेला दोरा त्याला स्वतःला सोडवता येत नाही. काढलेला दोरा पिशवीत भरून घरी आणावा आणि बोटभर लांबीचे तुकडे करूनच कचऱ्यात टाकावा.