अकादमी बंद पडली, पण प्रोक्लस चर्चमध्ये पोचला

415 मध्ये अलेक्झांड्रियात जमावाने हायपेशिया या तत्त्वज्ञ बाईला ठार मारलं, 529 मध्ये सम्राट जस्टिनियनने अथेन्समधलं तत्त्वज्ञान शिकवणं बंद पाडलं आणि मग युरोपात हजार वर्षं अंधार, ही गोष्ट आपल्याकडे अधूनमधून कोणीतरी शेअर करतंच. दोन्ही घटना खऱ्या आहेत आणि त्यातलं क्रौर्य कमी करून सांगायची माझी अजिबात इच्छा नाही. पण मधलं सगळं गाळलेलं असतं आणि माझा जीव अडकलाय तो त्या मधल्यातच.

हायपेशियाचाच विद्यार्थी घ्या ना, सिनेशियस. लिबियातल्या सायरीनचा, पक्का प्लेटोवादी, आणि लोकांनी त्याला टॉलेमाइसचा बिशप करायचं ठरवलं. त्याने भावाला पत्र लिहून स्पष्ट कळवलं की मी बायकोला सोडणार नाही, तिला चोरून भेटणं पण मला जमणार नाही, आत्मा शरीरानंतर जन्माला येतो हे मला पटत नाही आणि जगाचा नाश होणार हेही मी मानत नाही. तरी तो बिशप झाला! पुढे पोटची मुलं गेली, स्वतः अंथरुणाला खिळला, आणि त्या अवस्थेत पत्र लिहिलं ते कोणाला, तर हायपेशियाला, आणि तिला आई, बहीण, गुरू असं म्हटलं. हे वाचल्यावर धर्म इकडे आणि तत्त्वज्ञान तिकडे अशी रेघ मारायला माझा तरी हात धजावत नाही.

पण मला खरं बोलायचंय ते डायोनिशियसबद्दल. बायबलमध्ये प्रेषितांच्या कृत्यांच्या 17 व्या अध्यायात पौल अथेन्सला जातो, ‘अज्ञात देवाला’ असं कोरलेली वेदी बघून अरिओपॅगस नावाच्या टेकडीवर भाषण करतो आणि जे थोडे लोक विश्वास ठेवतात त्यात एक डायोनिशियस असतो. चारेकशे वर्षांनी कोणीतरी, बहुतेक सीरियातला माणूस, त्याच्या नावाने लिहायला लागला (पुढे मी डायोनिशियस म्हणतोय तो हाच), पौलाचा सहकारी तिमथी याला उद्देशून लिहिलं, एक पत्र तर थेट पात्मोस बेटावरच्या प्रेषित योहानाला, आणि येशूला क्रुसावर दिलं तेव्हाचं सूर्यग्रहण मी हेलिओपोलिसहून पाहिलं असंही लिहून ठेवलं. 532 च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपलमधल्या एका वादात ही पुस्तकं पुरावा म्हणून पुढे आली तेव्हा इफिससच्या बिशप हायपेशियसने तिथल्या तिथे विचारलं, हे इतकं जुनं असेल तर अथनेशियस आणि सिरिल या आधीच्या थोर चर्चगुरूंना कसं माहीत नव्हतं? प्रश्न बिनतोड होता, तरी पुस्तकं तरली. शेवटी 1895 मध्ये कॉख आणि श्टिग्लमायर या दोन जर्मन अभ्यासकांनी वेगवेगळं काम करून दाखवून दिलं की पापाबद्दलचा, वाईटाबद्दलचा त्याचा अख्खा भाग प्रोक्लसवरून घेतलाय. प्रोक्लस म्हणजे अथेन्सच्या अकादमीचा, प्लेटोच्या परंपरेतल्या शाळेचा प्रमुख, मृत्यू 485, जुन्या देवांची मनापासून पूजा करणारा माणूस.

म्हणजे बघा, अकादमीचा शेवटचा प्रमुख दमास्कियस आणि त्याचे सहा सोबती अथेन्स सोडून इराणचा बादशहा खुस्रो याच्याकडे गेले, तिथे रमले नाहीत, 532 च्या रोम-इराण तहात त्यांच्या सुखरूप परतीचं कलम घातलं गेलं, आणि त्याच काळात त्यांच्या गुरुपरंपरेचा विचार प्रेषितांच्या शिष्याचं नाव लावून चर्चमध्ये वाचला जात होता.

याला नुसती बनावटगिरी म्हणून मोकळे होणारे आहेत, मला ते पटत नाही. त्याने नाव कोणाचं निवडलं बघा, अथेन्सचा माणूस, पौलाचं ऐकून वळलेला. ते नावच त्याचं म्हणणं आहे. आणि चोरी म्हणावं तर त्याने घेतलेल्या गोष्टीचं काय केलं तेही बघायला हवं. प्रोक्लस म्हणतो सगळं त्या एकात असतं, त्यातून बाहेर येतं आणि त्याच्याकडे परत जातं. डायोनिशियस हे सांगताना उपासनेतला बिशप दाखवतो, जो वेदीपासून धूप घेऊन निघतो, सगळ्या देवळात फिरतो आणि परत वेदीपाशी येतो. देव सगळ्यांपर्यंत जातो पण स्वतःच्या जागेवरून ढळत नाही, ते असं. रोजच्या उपासनेला येणाऱ्या अडाणी माणसाच्या नाकापर्यंत प्रोक्लस नेऊन पोचवला की हो त्याने!

त्याचं सगळ्यात गाजलेलं लिखाण म्हणजे ‘मिस्टिकल थिऑलॉजी’, जेमतेम पाच छोटे अध्याय. मोशे डोंगर चढतो, बरोबरचे लोक मागे राहतात, मग दिसणारंही मागे राहतं आणि तो अंधारात शिरतो. शेवटच्या अध्यायात नुसता नकार: देव मन नाही, प्रकाश नाही, सत्य नाही, एक नाही, चांगुलपणा नाही, पुत्रत्व नाही, पितृत्व नाही. एक ख्रिस्ती माणूस हे लिहितोय, जरा थांबून वाचा! आणि मग म्हणतो की नकारसुद्धा तिथे पोचत नाही.

इथे आपल्यातले बरेच जण लगेच ‘नेति नेति, हे तर आपलंच’ म्हणतात. प्रोक्लसच्या विचारपरंपरेचा आद्य तत्त्वज्ञ प्लॉटिनस, त्याला भारतीय तत्त्वज्ञान शिकायचं होतं हे खरं, 243 मध्ये तो त्यासाठी सम्राट गॉर्डियनच्या सैन्याबरोबर निघालाही, पण गॉर्डियन मेला आणि प्लॉटिनस कसाबसा अँटिऑकला पोचला, भारतापर्यंत आलाच नाही. साम्य आहे, जरूर बघा, पण आपलंच म्हणून टाकलं की पुढचं वाचणं थांबतं.

प्रोटेस्टंट सुधारक ल्यूथरने 1520 मध्ये या डायोनिशियसला ख्रिस्तापेक्षा प्लेटोचाच जास्त म्हणून झटकून टाकलं. फक्त ‘मिस्टिकल थिऑलॉजी’ वाचलं तर ते खरंही वाटेल, त्यात येशू फार कमी आहे. पण त्याच माणसाने ‘एक्लेसिआस्टिकल हायरार्की’ लिहिलंय आणि त्यात पाणी, तेल, भाकर, मेलेल्याचे अंत्यविधी सगळं आहे. बाप्तिस्मा घेणारा आधी पश्चिमेकडे तोंड करतो, हात पुढे ढकलतो, सैतानाच्या दिशेने तीनदा श्वास सोडतो आणि मग त्याला पूर्वेकडे वळवतात. आजकाल लोक तो अंधार तेवढा उचलतात, हे पूर्वेकडे वळणं वगळतात, आणि मग डायोनिशियस हवेत तरंगणारा कोणीतरी वाटायला लागतो. मी तर म्हणेन आधी हे दुसरं पुस्तक वाचा, धुपाचा भाग दोनदा वाचा, आणि मगच मोशेच्या मागे डोंगर चढा.